दाराखालची भोकं

टण्, टण्, टण्. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने
गाडी वाजवत हसुराम मढवी मागे मागे जातो
आणि चाकाच्या कमानीपाशी आवाज बदलतो:
थप्.
"हे लोखंड नाय, बाय. ही नुसती लांबी."

शेंगदाण्याएवढा फोड होता रंगाला.
दिवाळीपासून बघत होते मी.
बघत होते म्हणजे
त्या बाजूने गाडीकडे जात नव्हते.

तो फोड नखाने उचकटतो.
आत चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी, ओलं, भुसभुशीत.
मग ग्राइंडर. चंदेरी थर, खाली पांढरा, खाली गुलाबी,
त्याखाली पत्रा असायला हवा होता.
पक्कड आत घालून तो ओढून काढतो
एक वर्तमानपत्र.

खरंच. घडी घालून ठासलेलं.
वधू पाहिजे, पाच फूट चार, गव्हाळ, नोकरी करणारी चालेल.
बेलापूरला दोन खोल्या, पाणी चोवीस तास.
तारीख कुजली आहे, पण मला ती पाठ आहे.
गाडीला पंधरा वर्षं भरली होती, आरटीओत पुन्हा पास करायची होती,
तुर्भ्याच्या एका पोराला मीच म्हटलं होतं,
"दिसलं नाही म्हणजे झालं. दोन हजारांत बसव."
त्याने बसवलं.
पासही झाली.

हसुराम काही बोलत नाही.
ऑपरेशननंतर खडा दाखवतात
तसा तो बोळा माझ्या तळहातावर ठेवतो.

"खाडीची हवा," मी म्हणते. "ऐरोलीत राहायचं म्हणजे...
वर रबाळ्याच्या कंपन्या."
पाण्याचा पाइप गुंडाळता गुंडाळता तो म्हणतो,
"माजा आजा मिठागरावर होता.
रोज सांजच्याला फावडं गोड्या पाण्यात धुवायचा,
पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचा.
एक फावडं वीस वरसं.
मीठ कुनाचं वैरी नाय, बाय."

तीन दिवस गाडी दिवागावच्या त्या शेडमध्ये.
सडकं कापत गेला तो, चांगला पत्रा लागेपर्यंत,
माझ्या अंदाजाच्या दुप्पट.
ठिगळ वेल्ड केलं. कडेला उरलेल्या गंजावर अ‍ॅसिड फिरवलं,
तो काळा पडून गप्प बसला.
मग प्रायमर, वाळायला पूर्ण रात्र.
मी घाई केली, त्याने बिडी पेटवली.
रंग काही जुळला नाही.
डब्यातली चंदेरी तरणी, माझी तेवीस वर्षं उन्हात उभी.
"पुन्हा मारू?"
राहू दे, म्हटलं. दिसू दे.

पैसे मोजल्यावर त्याने मला वाकायला लावलं.
ड्रायव्हरच्या दाराची खालची कड.
तिथे भोकं होती, बारीक, लांबट,
कंपनीनेच ठेवलेली,
चिखलाने आणि गुलमोहराच्या चुऱ्याने बुजलेली.
त्याने तार घातली
आणि दारातून ग्लासभर तपकिरी पाणी
माझ्या चपलांवर.

किती महिने हे माझ्यासोबत फिरत होतं?
वाशीला, डेंटिस्टकडे, नणंदेच्या साठीला,
वळणावर तो एक खळखळ आवाज यायचा,
मी रेडिओ मोठा करायची.

"वरशी पॉलिश मारता, कव्हर घालता," हसुराम म्हणाला,
"आन कव्हरखाली गारी घामेजते.
सगली भोकं बुजवायची नस्तात."

कव्हर देऊन टाकलं.
महिन्याच्या पहिल्या रविवारी
सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाट टाकून बसते
अकरा नंबरची स्वेटरची सुई घेऊन.
आधी पाइपने चाकांच्या कमानी आतून धुते,
मग एकेक दार.
वॉचमन भोईर विचारतो, मॅडम, काय हरवलं?
काही नाही.

पाणी आलं नाही तर काळजी वाटते.
आलं, तर सुई तशीच धरून
शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबते.