चवीपुरतं

पॅन आमचा नव्हता.
ओट्याखालच्या खणात, केकच्या साच्यांच्याही मागे
पालथा पडलेला, नऊ बाय तेराचा.
बुडाला पिवळी पडलेली चिकटपट्टी,
तिच्यावर निळ्या शाईत: लाव्हॉन एच.

आर्डिसला जाऊन अकरा आठवडे झाले.
मिनेसोटाच्या या टोकाला
कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत,
तेवढं मलाही ठाऊक आहे.
पण मी चौतीस वर्षं काउंटीचा बर्फ ढकलला.
ओव्हनशी माझी ओळख
गोठलेले हातमोजे वाळवण्यापुरती.

तिच्या डब्यात कार्ड सापडलं.
वर लिहिलेलं, लाव्हॉनच्या वड्या.
मग 'लाव्हॉनच्या' खोडलेलं,
आणि खोडलेल्याच्या डोक्यावर, वेगळ्या शाईत,
पुन्हा: लाव्हॉनच्या.
अक्षर दोन्ही वेळा आर्डिसचंच.
पीनट बटर, नेहमीएवढं.
साखर तपकिरी, दाबून.
मैदा, पीठ हाताला सोडेपर्यंत.
मीठ चवीपुरतं.

नेहमीएवढं म्हणजे केवढं, गं?

बरणीत चमचा घातला तर उभाच राहिला.
लोणी वितळलं. साखर मी दाबली
खड्ड्यात खडी दाबतात तशी.
पीठ हाताला सोडेना. आणखी एक मूठ मैदा.
मग सोडलं, पण नळाला, खुर्चीला,
फोनला थोडं थोडं वाटून.
फोनवर डुलूथहून जनेल: बाबा, काय करताय?
काही नाही, म्हटलं.
काही नाही करताना एवढा आवाज? म्हणाली.

पंचवीस मिनिटं.
विसाव्या मिनिटाला भाजल्या दाण्यांचा वास
जिन्यावरून वर गेला,
ज्या खोल्यांत मी आता जात नाही
त्यांतही जाऊन आला.

चॉकलेटचे तुकडे वर गरमागरम पसरले,
ते मऊ होईतो खिडकीशी थांबलो,
मग चमच्याची पाठ फिरवली.
हे मात्र जमलं. सपाट करणं हा माझा धंदा:
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
कोपऱ्यात ढीग न ठेवता.

राहिलं मीठ.
मीठ मला मैलाच्या हिशेबात कळतं.
लेनच्या मैलाला तीनशे पौंड;
पारा फारच उतरला की मीठ कामाचं नाही,
वाळू टाकायची.
चवीचं कुणी कधी विचारलं नव्हतं.
बोटांतून सोडलं,
गाडीमागून सुटतं तसं.

लाव्हॉनने दार अर्धंच उघडलं.
पॅनकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"चौदा वर्षं," म्हणाली.

चर्चच्या तळघरात, कुणाच्यातरी दफनानंतरचं जेवण.
पास्टरची बायको आर्डिसला म्हणाली होती,
काय सुरेख झाल्यात गं तुझ्या वड्या,
आणि आर्डिस नुसती हसली होती.
वड्या लाव्हॉनच्या.
एवढंच.
त्यानंतर हिने पॅन मागितला नाही, तिने दिला नाही.
मी पलीकडच्या टेबलाशी होतो.
तीन तरी खाल्ल्या असतील.
कुणाच्या, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

खिशातलं कार्ड पुढे केलं.
तिने चष्मा शोधला, लावला,
काढून पुसला, पुन्हा लावला.
कृती काही एवढी लांब नाही.
मी दारातच, बुटांवरचा बर्फ
तिच्या पायपुसण्यावर वितळत होता.

मग तिने कोपऱ्यातली वडी बोटांनी उचकटली,
उभ्यानेच खाल्ली.
"मीठ फार झालंय, व्हर्लिन."
"हो."
"फारच."
आणि दुसरी घेतली.

घरी येताना सात नंबरचा रस्ता
पांढराफटक, बर्फाने नव्हे.
माझ्या जागी नवा पोरगा लागलाय,
हात सैल आहे त्याचा.
उद्या गॅरेजवर जाऊन सांगावं, असं वाटलं.
मग चाकांखाली ते करकरत राहिलं
पार आमच्या फाटकापर्यंत,
आणि म्हटलं, असू दे.