उघाडी

माझ्या बापाची आणि विठू भोईराची
खाजणात उघाडी एकच होती.
उधाणाचं पाणी एकाच दारातून आत यायचं,
मग मधला बांध ठरवायचा
कोलंबी कुणाची, चिंबोरी कुणाची.
वह्या दोन.
बाप म्हणायचा, भागी दाराची असते गो,
पाण्याची नसते.

ते खाजण आता विमानतळाच्या कुंपणाआड आहे.
उलव्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही,
गॅलरीत कपडे वाळत घालताना
विमानांची पोटं दिसतात.

हरेश जहाजावर, सेकंड इंजिनियर.
कंपनी त्याला कधी ह्यूस्टनला नेऊन सोडते,
कधी सँतोसला.
तिकीट कंपनीचं, मैल आमचे.
वही मी ठेवते.
डाव्या पानावर वाळवंटातली विमान कंपनी,
उजव्या पानावर थंडीतली.
डावीकडचे मैल तीन वर्षांत बाद होतात.
उजवीकडचे टिकतात,
पण जमतात मुंगीच्या पावलानं.

दोघी भागीदार.
म्हणजे नक्की काय
हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.
डावीच्या विमानात बसून
उजवीच्या वहीत जमा करता येतं.
उजवीचे मैल मोडून
डावीची खुर्ची मिळते.
पण इकडचे तिकडे ओता म्हटलं
तर थेंबभरही नाही.
बापाला हे पहिल्याच फटक्यात कळलं असतं.

हरेश काउंटरच्या रांगेतून फोन करायचा,
"ह्या खेपेला कुठला नंबर देऊ?"
मी म्हणायची, "डावा."
किंवा, "उजवा दे, मार्चपर्यंत डावा पुरेल."
निघताना लोक आणखी काही बोलत असतील.
आमचं नऊ वर्षं हेच,
आणि मग, "पोचलो की कळवतो."

या वर्षी जहाज रॉटरडॅमला
सुक्या गोदीत चढणार होतं, अकरा दिवस.
मी रात्री दोनला उठून बसले.
डाव्या पानातून एक तिकीट निघालं, माझं.
उजव्या पानातून एक, रुजुताचं.
विमान तेच, डावीचं, मंगळवारचं.
मी एकतिसाव्या रांगेत, लेक चव्वेचाळिसाव्या.
"म्हणजे आपण ओळख दाखवायची का?"
रुजुता म्हणाली. वीस वर्षांची आहे.
फुकट तिकिटांचा कर भरला
त्रेचाळीस हजार रुपये, रोख.

महिन्याभरानं मंगळवारचं विमानच रद्द झालं.
डावीनं मला सोमवारी बसवलं,
उजवीनं रुजुताला बुधवारी.
डावीला फोन केला. ती म्हणाली,
मॅडम, ते तिकीट तिकडून निघालंय.
उजवीला केला. ती म्हणाली,
मॅडम, विमान तर त्यांचं आहे.
दोघी गोड बोलतात.
धरून ठेवलेल्या फोनात मधे पियानो वाजतो.

चौथ्या दिवशी एक पोरगी भेटली,
आवाजावरून नवी असावी.
ती म्हणाली, थांबा, मी बघते,
दोघींना बुधवारी बसवता येईल बहुतेक.
तिच्या बोटांचा आवाज येत होता.
मी गॅलरीत होते.
खाली कुंपणापलीकडे
भराव टाकून उरलेल्या डबक्यात
एक बगळा एका पायावर उभा.

सोमवार ते बुधवार.
दोन रात्री.
लग्नाला बावीस वर्षं झाली,
पण त्यातले दिवस मोजले
तर बावीस वर्षं होत नाहीत.

मी म्हटलं, "राहू दे, पोरी.
आहे ते ठीक आहे."

रुजुताला सांगितलं,
काहीच होऊ शकत नाही म्हणाले.
ती चिडली, भागीदार कसले हे, म्हणाली.
मी सोडे दुहेरी पिशवीत बांधत होते,
वास येऊ नये म्हणून.

मग वही काढली.
डावे बाकी सहाशे चाळीस,
उजवे बाकी नव्वद.
एवढ्यात कुठे जाता येत नाही.
शेवटच्या रकान्यात तपशील लिहायचा असतो.
तिथे नुसतं सोमवार लिहिलं.