खिडकी क्रमांक चार

तपकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
वायरींच्या भेंडोळ्यांपलीकडून अफरीननं विचारलं,
"काका, करता काय कॉम्प्युटरवर?"
हातातला स्क्रूड्रायव्हर तिनं खाली ठेवला नव्हता,
म्हणजे उत्तर थोडक्यात हवं होतं.

सोसायटीच्या पावत्या, म्हटलं. वीजबिल.
टँकरवाल्याला दरमहा एक खरमरीत पत्र.
दुपारी बुद्धिबळ, तेही सोप्या पातळीवर.
सांगता सांगता कळलं,
इतकी वर्षं मी स्वतःला जरा जास्तच कामाचा समजत होतो.

खिशात जावयाच्या अक्षरातली चिठ्ठी होती:
आठ कोअर. त्याच्या खाली जाऊ नका, बाबा.
पुष्कर हिंजवडीला असतो, त्याचं बरोबरच असणार.
एका वेळी बावीस टॅब उघडे असतात त्याचे,
आणि जेवताना तो तेविसाव्यात.

"चार पुरतात," अफरीन म्हणाली.
"वाचलेल्या पैशांत एसएसडी टाका.
तुमची जुनी डिस्क गरगर फिरते ना,
खरा वेळ ती खाते."
गिऱ्हाईकाला आपणहून कमी विकणारं माणूस
बुधवार पेठेत भेटलं,
याची मी घरी जाऊन वहीत नोंद केली. तारखेसकट.

पण हा हिशेब मला तिच्याही आधीपासून ठाऊक होता.
एकतीस वर्षं मी सहकारी बँकेत रोखपाल.
संचालकांनी एकदा ठरवलं,
चारच्या आठ खिडक्या केल्या की रांग संपेल.
सुतार आला, काउंटर वाढलं, पेढे वाटले.
रांग होती तेवढीच राहिली.
एका माणसाचा एक चेक
फाडून आठ खिडक्यांत वाटता येत नाही.
आधी टोकन, मग खातेवही, मग टेंभेकरांची सही,
आणि टेंभेकर चहाला गेले
की आठच्या आठ खिडक्या उघड्या
आणि आठ माणसं आपापली नखं बघत.

म्हणून चार घेतले.
रिक्षात कॅबिनेट मांडीवर,
स्वारगेटच्या खड्ड्याशी दोन्ही हातांनी कवटाळलेलं,
बिबवेवाडीपर्यंत.

नंतर त्यात एक जागा सापडली
जिथे चारही कोअर चार चौकटींत दिसतात,
प्रत्येकात एक निळी रेघ.
पावती टाईप केली. पहिली रेघ जराशी उठली,
बाकीच्या तिघी भुईसपाट.
बरं वाटलं. थोडं वाईटही.
चारसुद्धा जास्तच झाले,
हे पुष्करला मात्र बोललो नाही.

मग मे महिन्यात ऋजुता आली चार दिवस,
कॉलेजच्या पथनाट्याचा व्हिडिओ जोडायला.
तिनं एक बटण दाबलं
आणि चारही रेघा थेट छताला,
पंखा असा घोंघावला
की हिनं आतून विचारलं, मिक्सर कोणी लावला?
मी नातीच्या खुर्चीमागे उभा.
पेन्शनची एक तारीख होती ती.
खिडकी खिडकीशी माणसं, नाण्यांची खळखळ,
शिक्क्यांचे दणके, "चला, पुढचे या",
टेंभेकरसुद्धा जागेवर.

अकरा मिनिटं.
"आठ असते तर सहात झालं असतं, आजोबा."
पाच मिनिटांचे सहा हजार.
मी मनात भागाकार मांडला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
कशाला कशानं भागायचं तेच उमगेना.

ती गेली. पंखा निवला.
परवा पुन्हा पावत्यांना बसलो.
फ्लॅट तेरा, केसकर, मागील बाकी.
पहिली रेघ उठली, बसली.
दुसरी, तिसरी गप्प.
चौथी तर अशी सपाट
की कुणी रजेचा अर्ज टाकून गेलंय.

चौथ्या खिडकीवर मी बसायचो.

पावती छापून घेतली. शाई संपत आलीय.