ऐकू आलं का?

साडेनऊची गोळी घेतली की
अर्ध्या तासात जीभ जड होते,
सकाळी उशीचा अभ्रा लाळेनं ओला.
मालू तो न बोलता दोरीवर टाकते.
चाळिशी उलटलेल्या भावाचा अभ्रा.
कुणी विचारलं तर सांगते, फडकं आहे.

महिन्यातून एकदा ससूनला रक्त.
पांढऱ्या पेशी मोजतात.
खिडकीतल्या बाई मला नावानं नाही, आकड्यानं ओळखतात:
"सहा हजार दोनशे ना? बसा."
आकडा फार खाली गेला तर गोळी बंद,
गोळी बंद झाली की ते परत येणार.

ते म्हणजे तिघं.
एकाचा आवाज आमच्या ड्रिलमास्तरांचा.
एक बाई, ती फक्त हिशेब वाचते.
तिसरा माझ्याच आवाजात बोलतो,
त्याचीच भीती.

त्यांना गप्प करायला आधी नव्वद, मग क्वार्टर,
मग दांडेकर पुलाजवळ उधारी,
मग मालूच्या कानातलं.
दारूनं ते कधीच गप्प झाले नाहीत.
फक्त मला त्यांचं म्हणणं पटायला लागायचं.

येरवड्याला दोनदा.
दुसऱ्यांदा बाहेर आलो तेव्हा
नळस्टॉपला भर रस्त्यात मेट्रोचे खांब उभे होते.
मी मालूला विचारलं, "हे खरंच आहेत ना?"
ती म्हणाली, "दुर्दैवानं."

तेव्हापासून आमचा करार.
मी विचारायचं, "ऐकू आलं का?"
तिनं खरं ते सांगायचं, समजूत काढायची नाही.
नाही तर नाही. कुकर तर कुकर.
आधी दिवसातून चाळीस वेळा विचारायचो.
आता पाच-सहा. काल दोनदाच.

अप्पा बळवंत चौकामागे बाइंडिंगचं काम करतो.
फर्मे जुळवायचे, शिवायचे, खळ लावून वजनाखाली ठेवायचे.
ढमढेरे शेठ ओरडतात,
"वाळेपर्यंत उघडून बघू नकोस रे!"
हे मी डॉक्टरांना सांगितलं,
त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं.
का, कोण जाणे.

परवा रात्री
नदीकाठचा ढोलांचा सराव थांबल्यावर
कुणीतरी हाक मारली. "पल्याऽ"
प्रल्हादचा पल्या करणारं आता कोण उरलंय?
मी कूस बदलली.
पुन्हा तीच हाक, मध्येच तुटणारी.
शिकवल्याप्रमाणे श्वास मोजले,
मग पत्र्याच्या पन्हाळ्या मोजल्या, बावीस,
मग उलट्या, बावीस ते एक.
वीस मिनिटं मी एका माणसाला
आजार समजून पडून राहिलो.

शेवटी विचारलं.
मालू अंधारातूनच म्हणाली,
"आलं. खाली कुणीतरी आहे."

पायरीवर विल्सन साळवे.
गुरुवारच्या बैठकीत शाळेच्या बुटक्या बाकावर
माझ्या शेजारी गुडघे दुमडून बसणारा,
अकरा महिने कोरा.
पायात एकच चप्पल. तोंडाला तो वास,
संत्र्याचा, ज्यात संत्रं नसतं.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोलू.
तिसरा लगेच जागा झाला:
एकच घोट. त्याला सोबत म्हणून.

मी विल्सनला विचारलं, "ऐकू आलं का?"
"काय?"
"काही नाही. सरक तिकडं."

मालूनं पातेल्यासकट चहा आणला,
कप आणायला विसरली, परत गेली.
तो रडत होता, घरी कसं जाऊ म्हणत होता,
काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं,
पण गोळीनं माझी मान पडत होती,
ती त्याच्या खांद्यावरच पडली.
त्याच्या शर्टावर लाळेचा डाग.
त्यानं पुसला नाही, हललाही नाही.

पहाटे कोपऱ्यावर
दुधाचे क्रेट आपटले.
आम्ही तिघांनी
एकदमच तिकडं बघितलं.