उजवा शोधतोय

रबर इथं लवकर म्हातारं होतं.
गाडी नाही होत. शहाण्णवची जपानी,
इंजिन अजून असं की टाकीवर
करकचा कप ठेवावा आणि साय हलू नये.
पण कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधले
ते वाटीच्या बुडाएवढे काळे रबरी बूट,
पुढचा डावा आणि पुढचा उजवा,
टाचेसारखे भेगाळलेत.
भेगांतून हवा ओढते, आणि रुवीच्या सिग्नलला
खोकत बसते, चारचौघांत.

नंबर मला पाठ आहे,
वडलांना पावकी-निमकी पाठ होती तसा.
सोळा दोनशे नऊ, आडवी रेघ, एम क्यू सात,
आडवी रेघ, तीन शून्यं.
शेवटच्या शून्याचा एक झाला की समजायचं,
कारखान्यात कुणीतरी साचा बदलला
आणि आपल्याला कळवलं नाही.

दुबईचा एजंट उंटावरून शेळ्या हाकतो:
बंद झाला, साहेब, तो नंबर. गाडीच बदला.
एकदा अकरा दिवसांनी पाकीट आलं,
फोडलं तर दोन मिलिमीटर मोठा.
दोन मिलिमीटर म्हणजे केवढं हो,
देवरुखहून बायको विचारते.
नखाची जाडी, दोनदा, मी सांगतो.
एवढ्यासाठी?
एवढ्यासाठीच.

शुक्रवारी नमाजानंतर वादी कबीरची भंगारगल्ली उघडते.
मागे काळे डोंगर, गवताची काडी नसलेले,
दुपारी तेच भट्टीसारखे श्वास टाकतात.
कुंजाप्पूचं दुकान तिसरं.
आत आरशांचे ढीग, मीटरांचे ढीग,
कुणाकुणाचे किलोमीटर त्यांवर थांबलेले.
बंद पडलेल्या शोरूमचा लिलावातला माल
एका सोनीच्या टीव्हीच्या खोक्यात आहे म्हणाला.
बघ तूच. माझी कंबर गेली.

कोपरापर्यंत हात घातला.
वॉशर, जेट, एक मेलेली पाल,
आणि तळाशी पाकीट. सोळा दोनशे नऊ.
एम क्यू सात. शून्य. शून्य.
तिसरं शून्य मी डोळे मिटून वाचलं.

पाकिटावर शाईच्या पेनानं,
देवनागरीत,
ळ ला खाली उगाच शेपूट काढणाऱ्या हातानं:
डावा. काळजीनं ठेवणे.
उजवा शोधतोय. २ मार्च २००४.

कोण रे हा? मी विचारलं.
कुंजाप्पूनं खांदे उडवले. तुमच्यापैकीच कुणी.
स्टोअरकीपर असेल. तुम्ही लोक सगळं लिहून ठेवता.

मी खोकं पुन्हा उपसलं. पालीपर्यंत.
उजवा नव्हता.

शंबेनं डावा बसवला. शंबे म्हणजे बलोचीत शनिवार,
पण तो शुक्रवारीही काम करतो.
उजव्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, वर क्लॅम्प,
म्हणाला, उन्हाळाभर चालेल. इन्शाल्ला
हे त्यानं क्लॅम्प आवळल्यावर म्हटलं, आधी नाही,
म्हणून मला भरवसा वाटला.
संध्याकाळी आमेरातच्या घाटात चढवली.
डावीकडून एकदम गोड.
उजवीकडून वळणावर एकदा खाकरली,
घरात पाहुणे असताना
आतल्या खोलीतून कुणी खाकरावं, तशी.
वर थांबलो. खाली दिवे.
इंजिन थंड होताना टिकटिक करतं,
ती ऐकत राहिलो.

तो पगारावर होता. त्याची गाडीही नसेल.
एका बुटाचा जोड शोधत
तो कुठल्या विमानानं परत गेला,
की गेलाच नाही, कुणाला विचारू?
आणि त्यानं कुणासाठी लिहिलं मराठीत,
इथं, जिथं हिशेब इंग्रजीत आणि शिव्या उर्दूत?

पुढच्या शुक्रवारी रिकामं पाकीट घेऊन गेलो.
त्याच्या ओळीखाली पेन्सिलनं लिहिलं होतं:
डावा लागला. उजवा शोधतोय.
तारीख. माझा फोन नंबर, देशाच्या कोडसकट.

रिकामं आहे, कुंजाप्पू म्हणाला.
हो म्हटलं.
कचऱ्याचा डबा तिकडे.
नको म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे,
जी वाचता येत नव्हती त्या दोन्ही ओळींकडे.
मग खोक्यातली पाल शेपटीला धरून बाहेर टाकली
आणि जागा करून दिली.