हातचा एक

कोल्चानीच्या शाळेत प्रयोगशाळा नाही.
कुलूप लावलेलं एक कपाट आहे,
आणि आत, रॉकेलमध्ये बुडालेला,
सुपारीएवढा सोडियम.

युलोहियाबाई सुरीनं कापतात.
कापलेली बाजू क्षणभर चांदीची,
मग पोरांच्या डोळ्यांदेखत राखाडी.

"अकरा," बाई म्हणतात, "दोन, आठ,
आणि हातचा एक.
तो एक याला सांभाळवत नाही."

भाताच्या शिताएवढा तुकडा पाण्यात पडला,
गोळी होऊन घमेलंभर सैरावैरा धावला,
फस्सकन पिवळा पेटला. संपला.
नायरानं कानांवरचे हात काढले.

"क्लोरीनला एक कमी. सात.
हिरवट वायू, जिवावर उठणारा."
दोघं भेटले की काय होतं
ते खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत पांढरं पसरलं होतं,
ओठांच्या भेगांत चुरचुरत होतं.

इलारियोचा बाप तेच पिशव्यांत भरतो.
आई कालामाला, खाणीच्या खानावळीत;
पैसे येतात, महिन्याच्या महिन्याला.
"एकदा देऊन टाकला,
की मग सोडियम मोकळा ना, बाई?"

बाईंनी खडू ठेवला.
"नाही रे. दिला म्हणूनच अडकतो.
एक अधिक, एक वजा, शेजारी शेजारी,
जागच्या जागी थरथरत."

"आणि पाण्यात?"

जानेवारीत सगळा सालार पाण्याखाली जातो,
आभाळ खाली उतरतं.
"पाण्यात सुटतात," बाई म्हणाल्या.
"पाणी आटलं, की परत."

त्यानं वहीत फक्त शेवटचं लिहिलं,
आणि खाली दोनदा रेघ मारली.