खालच्या मजल्यावरून

रात्री तीनला छत वाजतं.
धप्प. धप्प. धप्प.
चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावले,
कान अजून शाबूत आहेत.
माणूस घरात वावरतो तेव्हा ठेका चुकतो:
किटलीपाशी रेंगाळतो, ठेचकाळतो, शिवी देतो.
वरचा ठेका चुकत नव्हता.

भीती नंतर वाटली. आधी राग आला,
खरं सांगायचं तर दोन महिने रागच होता.
झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.
सकाळी दाराशी चिठ्ठी: माफ करा. त्रीनू.
वर जाजम आलं.
आवाज मऊ झाला. थांबला नाही.

आमच्या वस्तीला सूपगाव म्हणतात, थट्टा नाही,
तार्तूत कुणालाही विचारा.
गल्ल्यांची नावं वाटाणा, घेवडा, बटाटा.
उणे अठरात, पापण्यांवर दव गोठवत
ती पोर या सगळ्या भाज्यांमधून धावत जायची,
एकीलाही न शिवता.
दुकानदार माइमू म्हणायची, काय शिस्त आहे बघा!
मी मान डोलावली.
त्या मानेची मला अजून लाज वाटते.

एकदा जिन्यात भेटली.
वर गेली, खाली आली, परत वर,
काही विसरल्यासारखी.
"हरवलं का काही?"
"नाही. काल माझा वाढदिवस होता."
मला उलगडा झाला नाही.
केकचा तुकडा फेडत होती ती, पायरी पायरीनं.
वही तिची, वसुलीही तिचीच,
आणि बाकी कधी शून्यावर येत नव्हती.

फेब्रुवारीत नडगीचं हाड तडकलं.
वाटलं, सुटली बिचारी. (सुटलो मीही.)
तिसऱ्या रात्री पुन्हा छत.
एका पायाचा ठेका.

झाडू उचलला नाही. वर गेलो.
घरात खुर्ची नव्हती.
होती, पण बाल्कनीत, उलटी,
चारही पाय आभाळाकडे, मांडीभर बर्फ.
तेव्हा बस म्हणालो नाही.
म्हणालो, एक पट्टी दाबून धरायला माणूस हवंय.
खोटं. मी आयुष्यभर एकट्यानंच लावलेत.

खर्जातली पट्टी दिली तिला.
"नाद पुरता विरेपर्यंत बोट उचलायचं नाही,
मध्येच उचललंस तर तार गप्प होते."
पहिल्यांदा तिची टाच अशी थरथरली
की दिव्याची काच किणकिणली.
उठली. दाराशी गेली. परत आली.
पाचव्यांदा की सहाव्यांदा
नाद संपला तरी ती बसलेली होती.
रडत होती का, मी पाहिलं नाही;
एक खुंटी पिळत राहिलो, जी आधीच सुरात होती.

मी तिला बरं केलं असं कुणी समजू नये.
आई आली व्होरूहून, रुग्णालयात घेऊन गेली.
तिथून एक पत्र आलं:
"इथे रात्री पांघरुणाखाली सगळ्यांचे पाय चालू असतात.
एक सायकलवाला आहे, आंद्रेस,
तो म्हणतो पायांना सुट्टी मागायला तोंडच नाही.
गंमत म्हणजे इथे प्रत्येकाला वाटतं,
या वॉर्डात सगळ्यात आळशी आपणच."

ऑक्टोबरात परतली.
कधी कधी छत वाजतं अजून.
मग मी अंधारात उठतो,
खर्जातली तीच पट्टी दाबतो, धरून ठेवतो.
शेजारी तक्रार करतील, करोत.
कधी वरून खुर्ची ओढल्याचा आवाज येतो.
कधी नाहीच येत,
आणि बोट दुखेपर्यंत मी नाद संपल्याचं कबूल करत नाही.

काल पहाटे मात्र
वर कुणीतरी किटलीपाशी रेंगाळलं,
अंगठ्याला काहीतरी लागलं,
आणि शिवी ऐकू आली,
अस्सल, व्होरूकडच्या बोलीतली.